प्रति: दर वेळी दिशा वेगळी का येते?

भाऊ, तुम्ही म्हणता की सिग्नल कुठून येतो ते शोधायला दोन आरटीएल डोंगल (संगणकाला लावायचे छोटे यूएसबी रेडिओ रिसीव्हर) आणि गच्चीवर दोन अँटेना लावल्या, पण सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं की दिशा बदललेली. अँटेनात दोष शोधू नका. प्रत्येक डोंगलला २८.८ मेगाहर्ट्झचा स्वतःचा क्रिस्टल, म्हणजे ठोके देणारा स्फटिक, असतो. दोन क्रिस्टल तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून फेजचा, म्हणजे दोन्हीकडच्या लहरी किती पुढे-मागे आहेत याचा, फरक सरकत राहतो; दिशा याच फरकावरून निघते. एकाचा क्रिस्टल काढून त्याला दुसऱ्याचं क्लॉक (ठोके) द्या. तरी तेवढ्यानं भागत नाही. सुरू करताना दोघांमधला फरक दर वेळी नवाच निघतो. म्हणून आधी एकच सिग्नल स्प्लिटरने (सिग्नल दोन वाटांत विभागणाऱ्या जोडाने) दोघांना द्या, फरक मोजून वजा करा, आणि फ्रिक्वेन्सी न हलवता मग अँटेना जोडा.

केबल मात्र अगदी सारख्या कापा. १४५ मेगाहर्ट्झला साध्या कोॲक्स केबलमध्ये १० सेंमीचा फरक म्हणजे सुमारे २६ अंश फेज; अर्ध्या तरंगलांबीच्या, म्हणजे साधारण १.०३ मीटर अंतरावर दोन अँटेना असतील तर समोरची दिशाच ८ अंशांनी चुकते.

आणि गच्ची सोडा! आमच्या रावेरकडे शेजारच्या गोठ्याचे पत्रेच सिग्नल परतवतात. मी केळी कापलेल्या मोकळ्या वावरात बांबूच्या आडव्या काठीवर दोन्ही अँटेना बांधल्या, हॅम रेडिओचा परवाना असलेल्या मित्राला हँडसेट देऊन बांधाबांधाने चालवलं, तेव्हा कुठे आकडे त्याच्याबरोबर हलायला लागले.

दोन अँटेनांना पुढचं-मागचं कळत नाही. काठी थोडी फिरवून दुसरं माप घ्या. दोन्ही मापांत जी दिशा जुळेल ती खरी.