मदत हवी आहे: पावसाच्या पाण्याची आम्लता घरी कशी मोजावी?

नमस्कार. नागपूरच्या उत्तरेला, जिथून औष्णिक वीजकेंद्राची धुरांडी दिसतात, तिथे आमचे घर आहे. चार वर्षांपूर्वी घातलेले टिनाचे पत्रे खिळ्यांभोवती इतके गंजले आहेत की बोट लावताच तांबडा भुगा हाती येतो. याला वीजकेंद्राच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड वायू कारणीभूत आहे की नुसता ओलावा, हे मला अंदाजाने नव्हे, मोजून ठरवायचे आहे. स्वच्छ पावसाचा सामूही (pH; ७ पेक्षा कमी म्हणजे आम्लधर्मी) हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे ५.६ च्या आसपास असतो, तेव्हा लिटमस कागदाने काम भागणार नाही, असे वाटते. पहिल्या सरीचे पाणी कशात धरावे आणि सामूमापक कोणता घ्यावा?

दुसरा प्रश्न नियमांचा. चुनखडीच्या पाण्याने धूर धुतला की सल्फर डायऑक्साइड जिप्समच्या रूपात अडकतो, ही पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. जुलै २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेत दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतील वीजकेंद्रांना या वायूच्या उत्सर्जनाची मर्यादा पाळण्यासाठी २०२७ अखेरची मुदत आहे. हे अंतर महापालिकेच्या हद्दीपासून धरतात की शहराच्या मध्यापासून? आमच्यासाठी सगळे त्यावरच अवलंबून आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.