अनुभव धागा : गोव्यात खानावळ उभी करताना

पर्यटकांच्या हंगामावर अवलंबून न राहता, रोज दुपारी जेवायला येणाऱ्या गावातल्याच माणसांच्या बळावर ज्यांची खानावळ टिकली, अशी मंडळी गोव्यात आहेत. पण ती क्वचितच लिहितात. म्हणून त्यांनाच आग्रहाने बोलावले आहे. प्रश्न एकच आहे: तुमचा धंदा नेमका कोणत्या दिवसांत उभा राहिला?

म्हापसा, खानावळीला 24 वर्षे

माझा धंदा जून-जुलैत उभा राहिला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात जाण्यास बंदी असते, ताजा बांगडा मिळेनासा होतो आणि आठ टेबलांच्या खानावळीची दुपार निम्म्यावर येते. आरंभी मी घरातून सात डबे देत असे; यजमानांची नोकरी सुटल्यावर बाजाराजवळ एक गाळा भाड्याने घेतला. पहिल्या पावसाळ्यात माझ्या हातून चूक झाली. मासळी महागली म्हणून मी ताटातला तळलेला तुकडा लहान केला आणि दर मात्र तोच ठेवला. कोणी एका शब्दाने तक्रार केली नाही, फक्त नेहमीची माणसे एकेक करून येईनाशी झाली.

पुढच्या वर्षी सासूबाई घरासाठी जसे पुरुमेंत (पावसाळ्यासाठीचा साठा) भरत, तसेच मी मे महिन्यात खानावळीसाठी भरले: खारे बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), सोले (सुकवलेली कोकमे), चिंच, मिरची. पाऊस सुरू झाल्यावर दारातल्या फळ्यावर स्वच्छ लिहिले की आज ताजी मासळी नाही. सुंगटांची किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर), भाजलेला खारा बांगडा, आळसांद्यांचे तोणाक (चवळीची रस्साभाजी), उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी मिळेल. ताटाचा दरही उतरवला. त्या दोन महिन्यांत जी माणसे आली, त्यांतली बरीचशी आजही येतात, आणि काहींची मुले आता स्वतःच्या पगारातून जेवायला येतात.

पहाटेची खरेदी मी अजूनही कोणावर सोपवत नाही. कल्ले लाल आहेत का, डोळा भरलेला आहे का, पोटावर दाबले तर बोट रुतते का, हे सांगून शिकवता येते. पण एखाद्या दिवशी सगळाच बाजार वाईट असताना रिकाम्या पिशवीने परत यायचे, हे पगारी माणसाला धीराने जमत नाही. ज्या मावशींकडून मी मासळी घेते, त्या मी वाईट वाट्याकडे हात नेला की स्वतःच मान हलवतात. तेवढा विश्वास जमायला सहा वर्षे लागली आणि माझ्या मते माझ्या धंद्यातले खरे भांडवल तेच आहे.

सावर्डे, खानावळीला 21 वर्षे

आमची जागा खनिजवाहू ट्रकांच्या वाटेवर होती. सकाळी भाजी-पाव, दुपारी शीत-कडी (भात-आमटी), आणि चालकांची इतकी गर्दी की बसायला जागा मिळत नसे. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि पुढच्याच आठवड्यात भाताची मोठी तपेली चुलीवर चढवण्याचे कारण उरले नाही. उधारीच्या वहीत बरीच रक्कम अडकली होती, पण ज्यांच्या ट्रकांचे हप्ते थकले होते त्यांच्या दारी तगादा लावायला माझे मन होईना. पत्नीने सुचवले म्हणून कुडचड्यातल्या दुकानांना आणि कचेऱ्यांना डबे पोचवायला सुरुवात केली. स्कूटरवर मी, स्वयंपाकाला ती आणि भांड्यांना माझा धाकटा भाऊ. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मार्च 2018 मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या, तेव्हा आमच्या मिळकतीचा चौथाच हिस्सा ट्रकांवर होता. उधारीचे पैसे बहुतेकांनी हळूहळू आणून दिले. जे देऊ शकले नाहीत, त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही.

मडगाव, वडिलांनी सुरू केलेली खानावळ

म्हापशाच्या ताईंनी फळ्याविषयी लिहिले आहे, त्यावरून जुलै 2018 आठवला. बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन हे विषारी रसायन असल्याच्या बातमीने सगळा गोवा हादरला होता आणि सरकारने परराज्यांतून येणारी मासळी 15 दिवस थांबवली होती. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते. आपल्याकडची होडी बांधलेली असताना तिकडची समुद्रात उतरलेली असते, आणि म्हणून जुलैत आपल्या ताटातले बरेचसे मासे ट्रकाने शेकडो किलोमीटर प्रवास करून आलेले असतात. हे गिऱ्हाइकाला कोणी आधी सांगितलेच नव्हते. बाबांनी त्या दिवसांत मासळी पूर्ण बंद करून खतखते (मिश्र भाज्यांचा रस्सा), मुगाची गाठी (मोड आलेल्या मुगाची आमटी) आणि भाजी एवढेच ताट ठेवले. रोज तोटा होत होता, तरी एकाही कामगाराला त्यांनी घरी बसवले नाही. तेव्हापासून मासळी कुठून आली, हे आम्ही विचारण्याआधीच सांगतो.

फोंडा, आईच्या खानावळीचे हिशेब पाहते

मी थोडक्यात लिहिते. नोव्हेंबर 2017 पासून आमच्यासारख्या खानावळींना 5 टक्के जीएसटी लागू झाला, पण गाळ्याच्या भाड्यावर किंवा 19 किलोच्या सिलिंडरवर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. आई तो खर्च वर्षानुवर्षे धरतच नव्हती, आणि स्वतःच्या श्रमाचा पगारही नाही. पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत राबणाऱ्या बाईचा पगार वहीत मांडल्यावरच ताटाचा खरा दर निघाला. नव्याने धंद्यात येणाऱ्या प्रत्येक स्त्रीने हे पहिल्याच दिवशी करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पणजी, पूर्वी वाढपी, आता स्वतःचे भाजी-पावचे दुकान

मी अकरा वर्षे दुसऱ्याच्या टेबलावर जेवण वाढले. माझे दुकान 2020 च्या फेब्रुवारीत उघडले आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली. माझा धंदा त्याच दिवसांत उभा राहिला, असे मी म्हणेन, कारण परवानगी मिळताच मी पातळ भाजीचे डबे शेजारच्या इमारतींत पोचवू लागलो आणि पोदेराने (पाववाल्याने) महिनाभर मला पोळ्या व उंडे हे गोव्याचे पाव उधारीवर दिले. आता पैसे रोखीने देता येतात, तरी पहाटे साडेपाचला त्याची सायकल दारात थांबली की पहिला चहा त्याचा असतो, आणि त्यानंतरच मी दुकानाची फळी उचलतो.