हवामानाच्या मॉडेलात प्लवकांचे प्रकार किती हवेत?

मास्तर, सिंदेवाही: जागतिक मॉडेलात वनस्पती-प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांचे, दोन प्रकार पुरतात, असं माझं ठाम मत आहे: डायटम (सिलिकाच्या कवचाचे) आणि बारीक पेशींचे. 'पिसेस' या समुद्री मॉडेलात दोनच आहेत, त्यांना खाणारे प्राणी-प्लवकही दोनच. तरी समुद्राच्या प्रत्येक चौकोनात, प्रत्येक थरात 24 घटकांचा हिशोब ठेवावा लागतो. प्रकार वाढवला की वाढीचा दर, लोहाची गरज, बुडण्याचा वेग हे सगळे आकडे नव्याने लागतात, आणि ते येतात प्रयोगशाळेत वाढवलेल्या मोजक्या जातींवरून.

तलावकाठ, भंडारा: नाही पटत, मास्तर. आमच्याकडच्या मामा तलावात (जुन्या मालगुजारी तलावात) शेणखत टाकलं की पाणी हिरवं होते, पाण्याचा गढूळपणा मोजायला सोडलेली सेक्की तबकडी 25-30 सेंमीवरच दिसेनाशी होते. मग मोइना, डॅफ्निया हे शैवाल खाणारे बारीक जीव माजले की खत असूनही पाणी निवळते. समुद्रातही खाणारा तितकाच महत्त्वाचा. जास्त उत्सर्जन धरून सीएमआयपी-6 या आंतरराष्ट्रीय तुलनेतली हवामान मॉडेलं शतकाअखेर समुद्री उत्पादकता (वनस्पती-प्लवकांची वाढ) सरासरी 3 टक्के घटेल म्हणतात, पण मॉडेलांमधली तफावत ±9 टक्क्यांची. घटेल की वाढेल, यावरच एकमत नाही! खाणारे दोनच ठेवून हे कसं सुटेल?

मास्तर, सिंदेवाही: तफावत खरी आहे भाऊ, पण आधी चराईचं, म्हणजे प्राणी-प्लवक किती खातात याचं, सूत्र पाहा. एका सूत्रात भक्ष्य विरळ झालं तरी खाणारा मागे लागूनच राहतो, आणि ते संपून जाते. दुसऱ्यात विरळ झाल्यावर चराई ढिली पडते, म्हणून थोडं शिल्लक राहते. नुसतं सूत्र बदललं तरी निकाल फिरतो.

कापूसपट्टा, यवतमाळ: 2007 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने मॉडेलात वनस्पती-प्लवकांचे 78 प्रकार घालून पाहिले, जागोजागी मोजकेच वरचढ ठरले. म्हणून नुसती संख्या वाढवण्यात अर्थ नाही, जो साच्यात बसत नाही तो घाला. अरबी समुद्रात हिवाळ्यात माजणारं हिरवं नॉक्टिल्युका हा एकपेशी जीव पेशीच्या आत राहणाऱ्या शैवालाच्या जोरावर प्रकाशसंश्लेषण करते आणि डायटमही खाते. 'वनस्पती' आणि 'प्राणी' या दोन खणांत ते मावत नाही.
दुसरं, उपग्रहाच्या हरितद्रव्याशी मॉडेल जुळलं म्हणून खूश होऊ नका. वाढ आणि चराई दोन्ही जास्त धरा की दोन्ही कमी, हरितद्रव्य तेवढंच येऊ शकते. वाढीचे आणि चराईचे दरच मोजा. समुद्राचं पाणी गाळलेल्या पाण्यात वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून बाटल्या 24 तास ठेवायच्या. पातळ बाटलीत खाणाऱ्याची भक्ष्याशी गाठ कमी पडते. वाढ आणि पातळपणा आलेखावर मांडले की उतारातून चराईचा दर निघतो.

तलावकाठ, भंडारा: पद्धत चांगली, पण तिच्यात मुख्यतः सूक्ष्म खाणारेच मोजले जातात. कोपेपॉडसारख्या (बारीक कवचधारी प्राण्यांसारख्या) मोठ्यांची चराई वेगळी मोजावी लागते. मग मॉडेलात त्यांचा आकडा कुठून घ्यायचा, ते सांगा.