‘कांगारू’ म्हणजे ‘मला माहीत नाही’: ही कथा मुलांना सांगणे थांबवावे काय?

धागालेखक:
कॅप्टन कुकने प्राण्याकडे बोट दाखवून नाव विचारले आणि स्थानिक माणूस ‘मला माहीत नाही’ अशा अर्थी ‘कांगारू’ म्हणाला, ही कथा आपल्याकडील सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत अजूनही आढळते. ती खोटी आहे आणि ती वगळावी, असे माझे मत आहे. जून १७७० मध्ये प्रवाळखडकावर आदळलेले कुकचे ‘एन्डेव्हर’ जहाज दुरुस्तीसाठी ईशान्य ऑस्ट्रेलियातील आजच्या कुकटाउनजवळ नदीच्या मुखाशी काही आठवडे थांबले होते. त्या काळात तेथील गुगु यिमिधिर भाषेतील ‘गङुरु’ हा शब्द कुक आणि जहाजावरील निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स या दोघांनीही टिपला. त्या भाषेत क आणि ग यांत भेद केला जात नाही, म्हणून इंग्रजांनी तो ‘क’ने लिहिला. (आपला एरवी अडगळीत पडलेला ङ इथे कामी येतो.)

प्रतिसाद (असहमत):
ही कथा हवेतून आलेली नाही. इंग्रज नौदलाचा सर्वेक्षक फिलिप पार्कर किंग १८२० मध्ये त्याच नदीवर गेला, तेव्हा त्याला ‘मिनुआ’सारखा वेगळाच शब्द मिळाला. पन्नास वर्षांत नाव बदलले असेल तर कुकच्या नोंदीवर शंका घेणे स्वाभाविक होते. शिवाय कथेतील विनोद साहेबावर आहे, आदिवासींवर नव्हे. अनेक ठिकाणी तर उत्तर ‘तू काय विचारतोस ते कळत नाही’ असे दिलेले असते; त्यात कोणाचा अपमान आहे?

धागालेखक:
शंका रास्त होती, परंतु १९७० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅविलंड यांनी तेथील भाषकांकडून तिचा उलगडा केला. ‘मिन्हा’ म्हणजे खाण्याजोगा कोणताही प्राणी, तर ‘गङुरु’ हे मोठ्या, काळपट-करड्या अशा एका विशिष्ट जातीचे नाव. किंगला वर्ग सांगितला गेला, कुकला जात. ज्याची शिकार करून लोक पोट भरत होते त्या प्राण्याचे नाव त्यांना सांगता आले नाही, असे सुचवणारी कथा मला तरी निरुपद्रवी वाटत नाही.

दुसरा प्रतिसाद:
मला दोघांचेही पूर्ण पटत नाही, कारण खरा घोळ पुढे झाला. १७८८ मध्ये सिडनीला उतरलेल्या इंग्रजांनी कुकच्या नोंदींतील हा शब्द सुमारे दोन हजार किलोमीटर दक्षिणेकडच्या लोकांपुढे वापरला. त्यांची भाषा निराळी. या प्राण्याला ते ‘पटगरंग’ म्हणत. ‘कांगारू’ हा इंग्रजांचाच शब्द असावा आणि त्याचा अर्थ कोणताही मोठा प्राणी असा असावा, असे त्यांना वाटले, म्हणून गुरे पाहून तेही कांगारूच का, असे ते विचारू लागले. एका जातीचे नाव अख्ख्या कुळाला चिकटले आणि इतर भाषांतील नावे मागे पडली. पुस्तकात काही छापायचेच असेल, तर हे छापा.

पहिला असहमत सदस्य:
हे मान्य. पण मग नदीवरचा शब्द अचूक होता याचे श्रेय कुकला द्यावे लागेल, आणि धागालेखकांना ते जड जाईल असे दिसते.

धागालेखक:
श्रेय ऐकणाऱ्याला जरूर द्यावे, पण सांगणाऱ्यांची भाषा कोणती, हेही त्याच ओळीत लिहावे. एवढीच दुरुस्ती मी प्रकाशकांना सुचवणार आहे.