विहिरीची उपसा चाचणी: जेकबच्या रेषेतून दोन वेगळी उत्तरं

कातळकडा:
बेसाल्टातली ६ मी. व्यासाची विहीर. ताशी २० घनमीटरने ३ तास उपसा केला, पातळी १.८५ मी. उतरली. मोटर बंद केल्यावर ४ तासांनी पातळी मूळपेक्षा अजून १.२८ मी. खाली होती (शिल्लक घट). जेकबच्या सरळ रेषेने (घट साध्या अक्षावर, वेळ लॉग अक्षावर) ६ ते ६० मिनिटांच्या नोंदींवरून जलवहन क्षमता (टी, म्हणजे खडकातून पाणी किती सहज वाहतं) दिवसाला १४५ चौ.मी. येते, १८ ते १८० वरून ५४. कोणती धरू? साठवण गुणांकही (पातळी १ मी. उतरली की दर चौ.मी. मागे खडक किती पाणी सोडतो) हवाय.

पाणाड्या:
दोन्ही सोडा. आधी पाण्याचा हिशेब मांडा. विहिरीचं क्षेत्रफळ २८.३ चौ.मी., गुणिले १.८५, म्हणजे ५२ घनमीटर विहिरीतलंच गेलं. उपसलं ६०. खडकाने दिलं जेमतेम ८! जेकब मात्र सगळं पाणी खडकातून आलं असं धरतो.

विहिरीतल्या साठ्याचा परिणाम सरायला २५ × त्रिज्येचा वर्ग ÷ टी इतका वेळ लागतो. टी ५० धरली तर तुम्हाला साडेचार दिवस. त्याआधीच विहिरीचा तळ दिसेल. ६ इंची बोअरला तेच ४ मिनिटांत उरकतं.

भरतीचे (मोटर बंद झाल्यावर पातळी परत चढण्याचे) आकडे वापरा. स्लिक्टरचं सूत्र: २.३०३ × २८.३ ÷ ४ × लॉग (१.८५ ÷ १.२८) = दर मीटर घटीला ताशी २.६ घनमीटर. ही विशिष्ट क्षमता झाली, टी नव्हे. टीसाठी विहिरीतला साठा धरणारे पापाडोपुलोस-कूपरचे वक्र (१९६७) आहेत, पण ३ तासांचे आकडे त्यांच्या सुरुवातीच्या सरळ भागातच राहतात. कुठेही बसवा, बसतात; म्हणून टी ठरत नाही.

मुरूमखाली:
४ तासांच्या एकाच नोंदीवर विसंबू नका. शिल्लक घट लॉग अक्षावर, वेळ साध्या अक्षावर मांडा. रेषा सरळ आली तरच स्लिक्टर चालतो. झरा पातळीच्या वर उघडा पडला असेल तर तो घट कितीही असो, तेवढंच पाणी देतो. तो बुडाल्यानंतरच्याच नोंदी घ्या.

साठवण गुणांक उपशाच्या विहिरीतून भरवशाने निघत नाही. त्याच थरातली, १०-२० मी. अंतरावरची निरीक्षण विहीर (उपसा न करता फक्त पातळी मोजायची) लागते.

कातळकडा:
नोंदी दर १० मिनिटांच्या आहेत. पाणी विहिरीलगतच्या पाटात सोडलं होतं.

पाणाड्या:
मग चाचणी परत घ्या. पाटातलं पाणी मुरमातून परत विहिरीत येतं आणि भरती फुगते. पाइप टाकून १०० मी. लांब, उताराच्या बाजूला सोडा. आदल्या दिवशी मोटर बंद ठेवा, शेजारच्यांचीही. २०० लिटरचं पिंप ३६ सेकंदांत भरलं तर ताशी २०. पातळी उतरली की पंप कमी फेकतो, म्हणून दर अर्ध्या तासाला पिंप लावा.