उत्तर: नांदेडची साथ, चिकन बंद, गावी कळवा

नांदेडच्या वहिनींकडून:

नमस्कार मंडळी,
माहेरच्या ग्रुपवर तातडीचा म्हणून एक मेसेज फिरतोय. नांदेडमध्ये जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पडणाऱ्या गुलेन-बॅरी सिंड्रोमची, साथ आली, ती आज सकाळी उदगीरहून आलेल्या कोंबड्यांमुळे, एकाचा हात लागला तरी अख्खं घर लुळं पडतं, असं त्यात लिहिलंय. आईने घरातली अंडी फेकून दिली. बाबा दाराबाहेर पाऊल टाकायला तयार नाहीत. इतक्या लांबून त्यांना काय सांगू?

उदगीरहून:

वहिनी, आधी फोन करा. लिहून पाठवू नका, त्यांना तुमचा आवाज ऐकू द्या. आणि ‘सगळं खोटं आहे’ असं एकदम म्हणू नका. त्या मेसेजमध्ये खऱ्या बातम्या एकत्र कालवल्यात, म्हणून तो पटतो. खरं तेवढं वेगळं काढून सांगावं लागेल.

२०२५ च्या जानेवारीत जीबीएसचे रुग्ण वाढले ते पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या बाजूला. तिथे नांदेड नावाचं गाव आहे आणि बातम्यांत आलं ते त्याचं नाव. आपलं गोदाकाठचं नांदेड वेगळं. मेसेज लिहिणाऱ्याने पुणे तेवढं गाळलंय.

उदगीरला कावळे मेले, हे खरं. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू असल्याचं सांगितलं, हेही खरं. पण बर्ड फ्लू वेगळा आणि जीबीएस वेगळा. जीबीएसमध्ये पोटाच्या किंवा दुसऱ्या एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. हात लावल्याने किंवा शेजारी बसल्याने तो होत नाही. बाबांना एवढं पहिल्यांदा सांगा. बहुतेक रुग्ण बरे होतात, वेळ मात्र लागतो.

आता आईच्या भीतीतलं खरं. ज्या जंतूनंतर जीबीएस बऱ्याचदा होतो, तो कॅम्पिलोबॅक्टर दूषित पाण्यातून आणि अर्धकच्च्या चिकनमधून पोटात जातो. म्हणून पाणी उकळून प्यावं, चिकन पुरतं शिजवावं, कच्चं मांस चिरलेली पाटी-सुरी धुतल्याशिवाय कोशिंबिरीला घेऊ नये. बर्ड फ्लूचा विषाणूही ७० अंशांवर टिकत नाही, आपला रस्सा तर खळखळून उकळतो. पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा चढत गेला, तर मात्र तासभरही वाट न बघता दवाखाना गाठायचा.

मी उदगीरच्याच पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, म्हणून जरा पोटतिडकीने लिहितोय. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनने कोरोना होतो अशी आवई उठली आणि कोंबडीचे भाव कोसळले. अहमदपूरकडच्या माझ्या मावसभावाने शेडमधले पक्षी फुकट देऊ केले, तरी कुणी घेईना. खाद्याची उधारी पुढे कितीतरी दिवस फिटत नव्हती. त्या मेसेजातही तारीख नव्हती, ‘आज सकाळी’च होतं. असा मेसेज वर्षाने पुन्हा फिरला तरी ताजाच वाटतो.

परभणीच्या काकांकडून:

माहिती बरोबर आहे, पण ग्रुपवर टाकताना जपून. आमच्या घरात एका भाच्याने आत्याला सगळ्यांदेखत खोटं पाडलं, त्या ग्रुप सोडून गेल्या. आता त्यांना काय येतं-जातं ते आम्हाला कळतही नाही. ज्याने मेसेज टाकला त्याच्याशी आधी एकट्याशी बोला आणि खरी माहिती त्यालाच टाकायला सांगा. त्याचा मान राहतो, आणि ज्या चार जणांनी मेसेज वाचला त्यांच्यापर्यंत दुरुस्तीही पोचते.

नांदेडच्या वहिनींकडून:

बोलले. मेसेज मामांनी टाकला होता. पुण्याचं नांदेड म्हटल्यावर ते गप्प झाले, मग त्यांनीच ग्रुपवर लिहिलं. बाबा संध्याकाळी गोदावरीवर फिरून आले. आई विचारतेय, बोअरचं पाणीही उकळायचं का?

उदगीरहून:

हो, बोअरचंही. उकळी फुटल्यावर मिनिटभर राहू द्यायचं आणि झाकूनच गार करायचं. वरची टाकी शेवटची कधी धुतली, तेही विचारून घ्या.