मदत हवी आहे: सोसायटीच्या फळ्यासाठी कोडी आणि विनोद

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारच्या फळ्यावर मी रोज सकाळी काहीबाही लिहितो: एक माहिती, एक कोडं, एक विनोद आणि जागा उरलीच तर मनातलं चार शब्द.

माहितीची ददात नाही. परवा देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४ लिहिला. कुठलीही चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतलं तर ५४३२ - २३४५ = ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. कुठूनही सुरू करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच. पोरं दप्तरं पाठीवर घेऊन तिथंच खडूने वजाबाक्या करत बसली, शाळेची बस हॉर्न मारतेय!

अडतंय ते कोड्यांपाशी. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ आणि ‘सुपभर लाह्या, त्यात एक रुपया’ सगळ्यांना पाठ आहेत. तुमच्या आजीकडची, गावाकडची, कमी ऐकलेली कोडी द्याल का? उत्तरासकट द्या, नाहीतर मीच अडकायचो. विनोदही चालतील, फक्त नवरा-बायकोचे नकोत. त्यांचा अगदी चोथा झालाय.